ट्रिनिटी रॉडमनने कॉलेज टाळले, ते योग्यच केले

कूपरेजकर (धागाकर्ता)

वॉशिंग्टन स्पिरिट या अमेरिकी महिला फुटबॉल संघाने जानेवारी 2026 मध्ये आपली आघाडीची खेळाडू ट्रिनिटी रॉडमन हिच्याशी 2028 पर्यंतचा नवा करार केला. बातम्यांत आलेला आकडा वर्षाला 20 लाख डॉलरांच्या वर आहे. त्या आकड्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते पाच वर्षे आधीच्या एका निर्णयाविषयी, कारण या कराराचे मूळ तिथे आहे असे माझे मत आहे.

अमेरिकेत मुलींच्या फुटबॉलची वाट बरीच वर्षे ठरलेली होती. आधी शाळा आणि क्लब, मग विद्यापीठाची शिष्यवृत्ती, चार वर्षे विद्यापीठाचा संघ आणि शेवटी जमले तर व्यावसायिक लीग (एनडब्ल्यूएसएल). शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने ही वाट बांधली आणि त्या देशाच्या महिला संघाने जे काही जिंकले ते बहुतांशी याच वाटेने, हे मी नाकारत नाही. रॉडमननेही वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला होता. कोविडमुळे 2020 चा हंगाम पुढे ढकलला गेला आणि विद्यापीठासाठी एकही सामना न खेळता ती जानेवारी 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, उतरली. दुसऱ्या क्रमांकावर तिची निवड झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तोवर ड्राफ्टमध्ये तिच्याहून लहान खेळाडू कोणी निवडली नव्हती. पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून पाचेक मिनिटांत तिने गोल केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पिरिटने शिकागोला 2-1 असे हरवून विजेतेपद मिळवले आणि जादा वेळेतला निर्णायक गोल केली ओहारा या सहकारी खेळाडूने डोक्याने मारला तो रॉडमनच्या क्रॉसवर, म्हणजे तिने बाजूने गोलपुढे टाकलेल्या चेंडूवर. वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान तिलाच मिळाला.

विद्यापीठात ती यापेक्षा काय शिकली असती? तिथला हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढ्यातच कोंबलेला असतो आणि बाहेर काढलेली खेळाडू त्याच सामन्यात पुन्हा उतरू शकते. त्यामुळे आघाडीच्या मुलीला जोर लावून पळायचे, दमले की बाकावर बसायचे आणि पुन्हा पळायचे अशी सवय लागते. व्यावसायिक सामन्यात नव्वद मिनिटे दम पुरवून वापरावा लागतो. कधी पळायचे नाही हे कळावे लागते. पॅरिस ऑलिंपिकमधला जपानविरुद्धचा गोल आठवून पाहा. 3 ऑगस्ट 2024, उपांत्यपूर्व फेरी, गोलफलक कोरा आणि जादा वेळेचा पहिला भाग संपत आलेला. क्रिस्टल डनने लांबून टाकलेला चेंडू रॉडमनने उजवीकडे पायावर घेतला आणि एक क्षण थांबली. बचावपटूला वाटले की ही रेषेकडे जाणार. ती आत वळली आणि डाव्या पायाने चेंडू लांबच्या खांबाकडे वळवून जाळ्यात टाकला. शंभर मिनिटे खेळून झाल्यावर तो एक क्षण थांबण्याचे भान ज्या मुलीला राहते, ती बाविसाव्या वर्षीच व्यावसायिक लीगची जुनी खेळाडू झालेली असते.

शनिवारची सारथी

कूपरेजकर, आपले लेखन आवडले, पण निष्कर्ष मान्य नाही. मी न्यू जर्सीत राहते, मुलगी सोळा वर्षांची आहे, उजव्या बगलेवर खेळते आणि गेली सात वर्षे माझा प्रत्येक शनिवार गाडीत जातो. स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या एका बाजूला आम्ही पालक घडीच्या खुर्च्या टाकून बसतो आणि समोर छत्रीखाली विद्यापीठांचे प्रशिक्षक वह्या घेऊन बसलेले असतात. त्यांनी वहीत काही लिहिले की आमच्या बाजूला शांतता पसरते. त्या वहीत शिष्यवृत्ती असते आणि शिष्यवृत्तीच्या मागे पदवी. आपण जो निर्णय विजेतेपदाच्या उजेडात पाहता, तो आम्हाला निकाल ठाऊक नसताना घ्यायचा असतो.

त्या निर्णयाच्या वेळी पुढ्यात काय होते ते तरी पाहा. 2021 मध्ये त्या लीगमधला किमान वार्षिक पगार 22,000 डॉलर होता, आणि एवढ्या पैशात वॉशिंग्टनच्या परिसरात एकटीने खोलीदेखील धड मिळत नाही. व्यावसायिक करारावर सही केली की विद्यापीठाच्या संघाचे दार त्या काळी बंद होत असे. आणि ज्या स्पिरिट संघाचे आपण गुणगान केले, त्याच संघाच्या प्रशिक्षकाला त्याच 2021 च्या हंगामात, खेळाडूंना शिवीगाळ केल्याच्या आणि त्यांचा मानसिक छळ केल्याच्या आरोपांनंतर काढून टाकावे लागले. अठरा वर्षांच्या मुलीची ही पहिली नोकरी. तिथे ती टिकली आणि खेळली हा तिचा कणखरपणा झाला. वाट चांगली होती असे त्यावरून ठरत नाही.

शिवाय विद्यापीठ म्हणजे वाया गेलेला वेळ, हेही खरे नाही. सोफिया स्मिथ दोन वर्षे स्टॅनफर्डला खेळली, 2019 चे विद्यापीठीय विजेतेपद घेतले, मग 2020 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडली गेली आणि 2022 मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पॅरिसमध्ये रॉडमनच्याच शेजारी ती आघाडीला होती आणि तिथे तिनेही तीनच गोल केले. बाकावर बसण्याच्या सवयीने तिचे काही बिघडल्याचे दिसले नाही.

आगंतुक

वडील डेनिस रॉडमन नसते, तर एकही सामना न खेळलेल्या मुलीला दुसऱ्या क्रमांकावर कोणी घेतले असते?

कूपरेजकर (धागाकर्ता)

आगंतुक, हा प्रश्न दरवेळी निघतो म्हणून एकदाच उत्तर देतो. बास्केटबॉलमध्ये वडिलांचे नाव मोठे आहे, परंतु तिला वाढवले ते आईने. वडील आयुष्यात फारसे नव्हते, याविषयी ती स्वतः जाहीरपणे बोलली आहे. आडनावामुळे कॅमेरे येतात हे मान्य. क्रॉस मात्र स्वतःच मारावा लागतो.

सारथीताई, आपला दुसरा परिच्छेद मला निरुत्तर करणारा आहे, तरीही एक गोष्ट सांगतो. चौकशी करणाऱ्या वकील सॅली येट्स यांचा या लीगमधील गैरवर्तनावरचा अहवाल ऑक्टोबर 2022 मध्ये आला. त्यात म्हटले होते की या छळाची मुळे लीगच्याही खाली, लहान मुलींच्या क्लब फुटबॉलपर्यंत पोहोचलेली आहेत. म्हणजे आपण ज्या शनिवारच्या मैदानाला सुरक्षित मानता, तेही त्यातून सुटलेले नाही. चार वर्षे उशिरा व्यावसायिक झाल्याने मुलगी त्यातून वाचते असे नाही. वाचते ती खेळाडूंच्या संघटनेमुळे.

स्मिथचे उदाहरण बिनतोड आहे. मात्र तीही चार वर्षे थांबली नाही.

हिशेबनीस

दोन्ही बाजू 2021 मध्ये अडकून पडल्या आहेत, म्हणून काही तारखा समोर ठेवतो.

रॉडमन ड्राफ्टमध्ये गेली जानेवारी 2021 मध्ये. विद्यापीठाच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली 1 जुलै 2021 रोजी, म्हणजे सहा महिन्यांनी. तिच्यापुढे निवड होती ती 22,000 डॉलरांहून अधिक काहीतरी आणि शून्य यांच्यात. आजच्या सोळा वर्षांच्या मुलीपुढे तशी निवड नाही. दुसरे असे की लीगची अठरा वर्षांची अट ऑलिव्हिया मोल्ट्री या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच उन्हाळ्यात न्यायालयात आव्हान देऊन मोडली. तिसरे, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील ऑगस्ट 2024 च्या सामूहिक करारात ड्राफ्टच रद्द झाला. त्यापूर्वी अठरा वर्षांच्या मुलीला आपले शहर आणि आपला प्रशिक्षक निवडण्याचा अधिकार नव्हता. सारथीताईंनी सांगितलेला प्रशिक्षक रॉडमनने निवडला नव्हता, तो तिच्या वाट्याला आला. आता संघांशी स्वतः बोलता येते. किमान पगारही 2025 मध्ये 48,500 डॉलर झाला असून 2030 पर्यंत 82,500 होणार आहे.

कूपरेजकरांचा मुद्दा मला एका जागी पटतो, आणि ती जागा त्यांनी सांगितलेली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने चार वर्षांचा करार केला. तेव्हाच्या बातम्यांनुसार तो 11 लाख डॉलरांचा होता. तो 2025 अखेर संपला तेव्हा ती तेवीस वर्षांची, ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेली आणि कोणत्याही संघाला मोकळी होती. युरोपातील संघ पैसे मोजायला तयार असताना अमेरिकी लीगची संघनिहाय पगारमर्यादा (एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून करायचा कमाल खर्च) 2026 साठी फक्त 35 लाख डॉलर होती. स्पिरिटने देऊ केलेला करार लीगने डिसेंबरमध्ये फेटाळला, खेळाडूंच्या संघटनेने तक्रार गुदरली आणि अखेर मोजक्या खेळाडूंसाठी मर्यादेच्या वर 10 लाख डॉलरपर्यंत खर्च करू देणारा नवा नियम लीगला आणावा लागला. चार वर्षे विद्यापीठात घालवली असती तर तेवीसाव्या वर्षी ती आपल्या पहिल्याच कराराच्या मध्यावर असती. तिला पैसा मिळवून दिला तो लवकर सुरू झालेल्या आणि लवकर संपलेल्या कराराने.

पाठीचा मणका

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंच्या पाठी आणि गुडघे हेच माझे रोजचे काम. तिची कोणतीही तपासणी मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करणार नाही, परंतु या चर्चेत तिच्या शरीराचा उल्लेखच नाही याचे नवल वाटते.

सप्टेंबर 2024 मध्ये तिला पाठीच्या दुखण्यामुळे व्हीलचेअरवरून मैदानाबाहेर न्यावे लागले. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याच पाठीसाठी ती लंडनला डॉक्टरांकडे गेली आणि ऑगस्टपर्यंत खेळली नाही. परतल्यावर पोर्टलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून भरपाई वेळेत विजयी गोल केला आणि ती मैदानातच रडली. ते दृश्य सर्वांनी पाहिले. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला.

आता हिशेब पाहा. लीग मार्च ते नोव्हेंबर चालते. त्यात राष्ट्रीय संघाचे सामने, विश्वचषक आणि ऑलिंपिक मिळवा. जी मुलगी जोरात पळून एकदम थांबते आणि कंबरेतून वळते, तिच्या कमरेच्या मणक्यावर प्रत्येक वळणाचा भार येतो. जपानविरुद्धच्या गोलाचे जे वर्णन कूपरेजकरांनी इतक्या प्रेमाने केले आहे, ते मी वाचतो तेव्हा मला ते आत वळणेच आधी दिसते. अठरा ते बावीस या वयात ताकद अजून भरत असते. विद्यापीठाच्या हंगामानंतर वसंतात मिळणारे हलके महिने व्यायामशाळेत घालवता येतात; व्यावसायिक खेळाडूला ते महिने मिळत नाहीत. कॉलेजमुळे पाठ वाचली असती असे मी म्हणणार नाही, कारण कॉलेजचा दाटीवाटीचा हंगामही गुडघ्यांना काही कमी जाचक नाही. माझे म्हणणे असे की लवकर सुरुवात करणाऱ्या मुलीच्या सामन्यांची मिनिटे कोणीतरी मोजली पाहिजेत, आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी स्वतःहून ‘मला आज बसवा’ असे कधीच म्हणत नाही.

कूपरेजकर (धागाकर्ता)

मणकेसाहेब, हे मला सुचले नव्हते, हे कबूल करतो. मी बाकावर बसण्याला दोष मानले. आपण त्यालाच विश्रांती म्हणता. यावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

तरी मूळ मत सोडत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेला नायजेरियाकडून पेनल्टींवर हरताना मी पाहिले. त्याच संघाने काही दिवस आधी भुवनेश्वरला भारताला 8-0 असे हरवले होते. त्या अमेरिकन मुलींपुढे दोन वाटा होत्या आणि आपण इथे त्यांतली कोणती बरी यावर वाद घालतो आहोत. भारताच्या मुलींपुढे त्यांपैकी एकही धड नव्हती. असो, तो वेगळा धागा. हिशेबनीसांच्या तारखा मान्य केल्या, तर माझे शीर्षक ‘2021 साली योग्यच केले’ असे वाचावे.

शनिवारची सारथी

तेवढी दुरुस्ती केलीत तर माझा विरोध निम्म्याने कमी होतो. उरलेला निम्मा मणकेसाहेबांनी वाढवून ठेवला आहे.

काल रात्री हा धागा मुलीला वाचून दाखवला. तिला मराठी समजते, पण ‘तक्रार गुदरली’ यापाशी अडली. सगळे ऐकून ती म्हणाली की तिला दोन्ही हवे आहे, कॉलेजही आणि लीगही, आणि दोन्हींतले कुठलेच अजून तिच्याकडे आलेले नाही. हे अगदी खरे आहे. उद्या एखादा संघ खरोखर आला, तर मी दोन कलमे कागदावर मागणार आहे: खेळणे थांबले तर पदवीचा पूर्ण खर्च संघाने द्यायचा, आणि पहिल्या दोन हंगामांत सामन्यांची कमाल मिनिटे संघाच्या डॉक्टरने ठरवायची. पगाराचे नंतर बोलू. हिशेबनीस, अशी कलमे कोणत्या भाषेत लिहून घ्यायची ते तेवढे कळवा. उद्या सकाळी आठला डेलावेअरमध्ये सामना आहे, म्हणजे मला साडेपाचला निघायचे आहे.