घर दोन पुलांच्या मधे घ्यावं, की एका पुलाच्या पलीकडे?

आगरातली
मी मुरूडच्या एका शाळेत शिकवते. नवरा पेणला नोकरी करतो. सध्या अलिबागला भाड्याने राहतो. सकाळी तो धरमतरचा पूल ओलांडून एका दिशेला जातो, मी साळावचा पूल ओलांडून दुसऱ्या. लेक साडेतीन वर्षांची, जूनमध्ये बालवाडीत जाईल. घरमालकांना आता घराचा होमस्टे करायचाय, मे अखेर खाली करायला सांगितलंय. अलिबागेत अकरा महिन्यांच्या करारावर कुटुंबाला घर मिळणं किती अवघड झालंय ते इथल्यांना सांगायला नको.

माझा कल रेवदंडा किंवा चौलकडे आहे. माझी सतरा-अठरा किलोमीटरची एसटी वाचते, त्याची तेवढीच वाढते. त्याच्याकडे मोटारसायकल आहे, त्याची तयारी आहे. दोघांच्या मधे घर, मधेच बालवाडी. कुणाला यात खोट दिसते का?

पलीकडची
दिसते. तुम्ही दोघं दोन खाड्यांपलीकडे आणि लेक मधे. धरमतरला अंबेची खाडी, साळावला कुंडलिकेची. त्रास एका पुलाला झाला तर दुसरा पालक पोचेल, हे खरं. पण जुलैत ज्या दिवशी उधाण आणि पाऊस एकत्र येतात, त्या दिवशी दोन्हीकडचे रस्ते एकदमच अडतात.

2021 च्या जुलैत काशीदचा जुना पूल कोसळला, त्यात माणूस गेला. तेव्हा मी मुरूडला कामाला होते, घर रेवदंड्यात, मुलगा शेजारच्या काकूंकडे. साळावचा पूल धडधाकट उभा होता, पण माझा रस्ता त्याच्या अलीकडेच तुटला होता. सुपेगाव, केळघर करत रोह्याकडून फिरून यायचं. पहिल्या दिवशी घरी पोचले तेव्हा मुलगा न जेवता झोपला होता. काकूंनी भरवायचा प्रयत्न केला, तो दाराकडेच बघत बसला होता. पुढच्या महिन्यात आम्ही मुरूडला खोली घेतली. किलोमीटर वाटून घेता येतात, मूल कुठल्या काठावर आहे हे वाटून घेता येत नाही. दोघांपैकी एकाने तरी मुलाच्याच काठावर असलं पाहिजे.

चौलची वाडी
ताई, तुमचा अनुभव मान्य, पण त्यावरून घर ठरवू नये. पूल रोज पडत नाहीत. लहान मुलाला ताप मात्र रात्री दोन वाजता चढतो आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. माझ्या पुतणीला मुरूडहून आकडी आलेल्या अवस्थेत आणलं, ते याच साळावच्या पुलावरून, भर पावसात. पुलापलीकडे घर केलं की ही धाव कायमची मागे लागते. निसर्ग वादळानंतर, जून 2020 मध्ये, रस्त्यावर आडव्या पडलेल्या सुरुच्या आणि नारळाच्या झाडांतून वाट काढत आम्ही मुरूडच्या नातेवाइकांपर्यंत गेलो होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: आजारपणाची सोय ज्या काठावर, घर त्या काठावर.

रुळावरचा
रोह्याचा विचार केलात का? रोह्याहून पेण रेल्वेने होतं, मुरूडला केळघरवरून जाता येतं. साळाव, धरमतर दोन्ही टळतात.

पलीकडची
केळघरचा घाट पावसाळ्यात रोज, तोही एकट्या बाईने? मी महिनाभर केलाय. नको. आणि अंबा नदी नागोठण्यात शिरली की रोहा-पेण मधला रस्ताही तुटतो, मग सगळी भिस्त रेल्वेवरच.

घरधनी
स्पष्ट बोलतो. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईने नोकरी थांबवावी. सगळे प्रश्न मिटतात.

आगरातली
माझ्या पगारातून सासूबाईंची औषधं येतात आणि घराचं भाडं जातं. नोकरी थांबवली तर ते प्रश्न कोण मिटवणार? शिवाय हा प्रश्न मी आम्हा दोघांचा म्हणून विचारलाय. एकटीचा नाही.

चौलची वाडी
नोकरी सोडायला मीही सांगणार नाही. पण मुरूडला राहायचं ठरवलंत तर साहेबांचं काय? मुरूड ते पेण ऐंशीच्या आसपास किलोमीटर, साळाव आणि धरमतर दोन्ही रोज. सावित्रीवरचा महाडचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला, दोन एसटी गाड्यांसकट. त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरी कुणी पुलावरून रात्री यायचं म्हटलं की आई जागी राहायची. एका माणसाला रोज चार वेळा पुलावर पाठवून लेकीला सुरक्षित ठेवलं, असं म्हणता येईल का? रेवस-रेडी सागरी मार्गात रेवदंडा-साळावला नवा पूल होणार आहे. तो होईपर्यंत तरी अलीकडे राहा.

पलीकडची
पूल होईल तेव्हा होईल, तिची बालवाडी या जूनमध्ये आहे.

आगरातली
तीन दिवस घरात हाच विषय आहे. चौलकरांचा रुग्णालयाचा मुद्दा मला रात्री झोपू देत नाही, आणि शेजारणीकडे दाराकडे बघत बसलेलं ते मूलही. नवऱ्याने काल स्वतःहून एक वाट काढली. त्याने अलिबागला बदलीचा अर्ज दिलाय. मिळाली तर धरमतर सुटेल, त्याच्या वाट्याला फक्त साळाव उरेल. तोवर पावसाळ्याचे चार महिने तो सोमवार ते शुक्रवार पेणला मित्राकडे राहील आणि मी लेकीला घेऊन मुरूडकडे. बालवाडी माझ्या शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. बाप आठवड्यातून दोनच दिवस भेटणार, हे मला फार जड जातंय, त्याला त्याहून जास्त. तरी ठरवलंय. चौलकर, रात्रीच्या तापासाठी जवळच्या डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर आधीच भिंतीवर लावून ठेवणार.

नांदगाव किंवा मुरूडमध्ये दोन खोल्या, तळमजल्यावर, विहिरीला किंवा नळाला मे महिन्यात पाणी असलेल्या, कुणाच्या माहितीत असतील तर कळवा. रविवारी बघायला येतोय, तिघंही.

पलीकडची
आमच्या आळीत एक घर रिकामं आहे. मागे सुपारीची वाडी आहे, पाणी बारमाही. या, आधी आमच्याकडे जेवा.