निरोगी कासेतल्या दुधात जिवाणू असतात का? असतील तर आटवताना ट्यूब कशाला?

सुपारीबाग (गुहागर तालुका)

आमच्याकडे दोन गाई. एक जर्सी संकर, दुसरी गावठी. कोकण कपिला म्हणून आता नोंदलेली जात, तीच. गेल्या श्रावणात जर्सीचा मागचा डावा सड सुजला, दुधात गाठी आल्या. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, सांगितले तितके दिवस दूध ओतून टाकलं, गाय बरी झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण आता गावठी आटवायची आहे, म्हणजे व्यायच्या आधी तिची धार बंद करायची आहे, आणि डॉक्टर म्हणतात, हिच्याही चारही सडांत प्रतिजैविकाची ट्यूब सोडून आटवा. हिला आजवर साधी गाठही आलेली नाही. माझा याला विरोध आहे.

निरोगी कासेतलं दूध निर्जंतुक असतं, सडातून बाहेर पडताना त्यात जिवाणू मिसळतात, असं आपण कित्येक पिढ्या धरून चाललो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुधातले जिवाणू बशीत वाढवून बघण्याऐवजी त्यांचे जनुकांश वाचायला सुरुवात झाली आणि निरोगी सडांच्या दुधातही डझनांनी कुळं सापडली. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, कोरिनेबॅक्टेरियम होतेच, शिवाय आतड्यात राहणारी, प्राणवायू न सोसणारी कुळंही. आजारी सडात चित्र उलटं: कुळं कमी होतात आणि एखादीच जात बोकाळते. मला यातून असं दिसतं की स्तनदाह म्हणजे नुसती बाहेरून झालेली घुसखोरी नव्हे, आतल्या वस्तीचा तोल जाणं आहे. चांगल्या वस्तीवर औषध ओतणं म्हणजे भातरोपांच्या जमिनीवर राब भाजण्यासारखं. तिथे सगळं जळलेलं हवंच असतं, कासेत नको.

लॅबवाली

मी दूध तपासणीत काम करते, आणि तुमच्या पहिल्याच पायरीला माझी हरकत आहे. जनुकांश सापडला म्हणजे जिवंत जिवाणू सापडला असं नाही. मेलेल्याचाही सापडतो. निरोगी सडाच्या दुधात मुळात इतकं कमी काही असतं की नमुना घेणाऱ्याचा हात, सडाची कातडी, गोठ्यातली हवा, अगदी तपासणीच्या रसायनांतले अंशसुद्धा निकालात उतरतात. सुई थेट कासेत घालून घेतलेल्या दुधात सडातून पिळलेल्या दुधापेक्षा जिवाणूंचे जनुकांश कमी मिळाले आहेत. मग उरलेले आले कुठून? वाटेतूनच.

2017 साली फ्रान्सचे पास्कल रेनार यांनी याच प्रश्नावर सविस्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही: कास जिवाणूंना सोसत नाही. ई. कोलाय अगदी थोडे आत गेले तरी पांढऱ्या पेशींची फौज धावते आणि दुधातल्या पेशींचा आकडा चढतो. असा अवयव कायमची वस्ती पोसतो, हे कसं मानायचं? आतडं पोसतं, कारण त्याच्या भिंतीची रचनाच त्यासाठी आहे.

सुपारीबाग

सडाच्या नळीचं काय मग? तिथे कोरिनेबॅक्टेरियम बोव्हिस निरोगी गाईतही मुक्कामाला असतो, हे तर बशीत वाढवूनही दिसलेलं आहे. नळीला आतून केराटिनचा (नखांत असतं त्या चिवट प्रथिनाचा) थर, शिवाय तिथेच वस्ती. मी ट्यूब सोडणार ती त्याच वाटेने ना?

लॅबवाली

नळी मान्य. नळी आणि कातडी म्हणजे उंबरठा आणि अंगण, तिथे वस्ती आहेच. माझा वाद माजघराबद्दल आहे.

देवरुखची_माई

मी सासरी आल्यापासून धार काढत्ये. दोन गोष्टी सांगते. पहिली धार आम्ही कधी भांड्यात घेतली नाही, ती जमिनीला. सासूबाई म्हणायच्या, तोंडचं दूध आधी जाऊ दे. दुसरी, ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध चुकून एकदा विरजलं, तर दही लागलंच नाही. रात्रभर तसंच पातळ. जे औषध विरजण मारतं ते गाईच्या आत काय काय मारत असेल, हा विचार तेव्हापासून मनात आहे. आणि आमच्या घरी मुलांना धारोष्ण दूधच दिलं, कोणाला काही झालं नाही. चांगले जिवाणू असणारच त्यात.

लॅबवाली

माई, पहिल्या धारेबद्दल सासूबाईंना नमस्कार. सडाच्या टोकाशी साचलेलं दूध सर्वांत मळकं असतं आणि गाठी आहेत का तेही त्याच धारेत कळतं. फक्त जमिनीवर नको, काळ्या वाटीत घ्या. गाठी स्पष्ट दिसतात आणि गोठाही घाण होत नाही. दही न लागण्याचं तुमचं निदानही अचूक आहे, म्हणून तर दूध ओतून टाकायचे दिवस पाळायचे.

पण विरजणातले जिवाणू कासेतून येत नाहीत. दूध आपण तापवतो तेव्हा आतले बहुतेक मरतात, मग चमचाभर जुन्या दह्यातून नवे सोडतो. आणि धारोष्ण दुधाबद्दल मी हात जोडून सांगते, नका देऊ. ब्रुसेला या जिवाणूची लागण असलेली गाय गाभडल्यानंतर वरून ठणठणीत दिसते आणि दुधावाटे जिवाणू सोडत राहते. माणसात तो येणाजाणारा ताप आणि सांधेदुखी होऊन बसतो. दूध 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 वर 15 सेकंद तापवलं तर एवढंही त्याला मारायला पुरतं, आणि आपण तर उकळतो.

देवरुखची_माई

नातवंडांना तापवूनच देते हल्ली. पण चव गेली, ते खरं.

कुडाळचा_पशुवैद्य

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याने ट्यूबचा निर्णय बदलत नाही. कासेत चांगली वस्ती असेल तर ती मारू नये. कास निर्जंतुक असेल तर मारायला तिथे काही नाही. दोन्हीकडून निरोगी सडात प्रतिजैविक नको, हेच उत्तर येतं. युरोपीय संघात 28 जानेवारी 2022 पासून सरसकट प्रतिबंधक वापर कायद्याने बंद आहे.

पण तुमच्या डॉक्टरांचीही बाजू सांगतो, कारण मीही हाच सल्ला पूर्वी देत होतो. भीती आतल्या जिवाणूंची नसते, पुढे येणाऱ्यांची असते. आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे शेवटचे दिवस सर्वांत धोक्याचे. नळीत केराटिनचं बूच बसायला वेळ लागतो. तुम्ही आटवणार भर पावसात. गोठ्यात पातेरा (अंथरलेला पालापाचोळा) ओला, शेण सुकत नाही, गाय त्यातच बसते. स्ट्रेप्टोकोकस युबेरिस आणि ई. कोलाय यांना याहून बरं काय हवं? युरोपातला नियम आषाढातल्या गुहागरला तसाच्या तसा लावू नका.

तुमची गावठी आता किती देते? 12 लिटर देणारी गाय एकदम आटवली की कास ताठते, सड पाझरतात, बूच उशिरा बसतं. दोन लिटरच्या गाईत हा धोका बराच कमी.

पेंढा_आणि_पेंड (चिपळूण)

कासेवर इतकं चाललंय, पोटाबद्दल कोणीच बोलत नाही. कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात, त्यांच्यावाचून गाईला भाताचा पेंढा पचत नाही. त्यांनी केलेल्या ॲसिटिक आम्लातून दुधातलं बरंचसं फॅट बनतं. पेंड-भरडा एकदम वाढवला की पोट आंबतं आणि फॅट पडतं. ज्या वस्तीबद्दल कोणाचाच वाद नाही तिची काळजी आधी घ्या. आंबोण वाढवायचं ते आठ-दहा दिवसांत थोडं थोडं.

सुपारीबाग

गावठी सध्या दोन वेळचं मिळून लिटरभर देते. ओल्या पातेऱ्याचा मुद्दा मला लागला, खोटं बोलणार नाही. गोठ्याचा मागचा भाग दर पावसात गळतो आणि ती नेमकी तिथेच बसते. ते मी या आठवड्यात आधी करतो.

वस्तीबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे. सगळे जनुकांश बाहेरून मिसळलेले असते, तर निरोगी आणि आजारी सडांत इतका फरक दिसला नसता.

लॅबवाली

दिसला असता. आजारी सडात एक जात लाखोंनी वाढली की बाकीचं तिच्याखाली झाकलं जातं आणि विविधता आपोआप कमी दिसते. यावर तुम्ही-मी इथे निकाल लावू शकणार नाही, पण प्रश्न चांगला आहे.

गावठीची लपलेल्या स्तनदाहासाठीची चाचणी मात्र आजच करा. चार कप्प्यांची पाटी आणि द्रावण मिळालं तर उत्तम. नाहीतर अर्ध्या लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्याची पावडर, त्याचं एक माप आणि दुधाचं एक माप प्रत्येक सडाचं वेगळं, वाटी गोल फिरवायची. दूध चिकट, जेलीसारखं झालं तर त्या सडात पेशी वाढल्यात.

सुपारीबाग

केली. चारही वाट्या पाण्यासारख्या पातळ. जर्सीच्या त्या डाव्या सडात मात्र अजून चिकटपणा आहे, गेल्या वर्षीचं पूर्ण गेलेलं नाही. म्हणजे तिला कार्तिकात आटवताना ट्यूब घेणार. गावठीला प्रतिजैविक नाही, फक्त सड बंद करणारं सील.

कुडाळचा_पशुवैद्य

हे मला पटलं. तुमच्या डॉक्टरांना या चार वाट्या दाखवा, तेही ऐकतील. सील बसवताना घाई नको. प्रतिजैविक नसेल तर हातावरची एवढीशी घाणही सीलच्या मागे अडकते आणि तिला मारायला आत काही नसतं. सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, प्रत्येक सडाला नवा बोळा, टोक पांढरं निघेपर्यंत. पुसताना आधी पलीकडचे दोन, मग अलीकडचे. सील सोडताना उलट: आधी अलीकडचे, मग पलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला तुमची बाही लागत नाही. सोडल्यावर सड वर चोळू नका, सील खालीच राहायला हवं. आणि नंतर तासभर तिला पुढ्यात गवत टाकून उभी ठेवा.