शक्यता सांगताना 'कॅन' कोठे चालते आणि 'मे', 'माइट', 'कुड' कोठे?

प्रश्न

मराठीत 'शकणे' या एका क्रियापदावर आपण सामर्थ्य, परवानगी आणि शक्यता ही तिन्ही कामे भागवतो: ती पोहू शकते, तुम्ही आत येऊ शकता, उद्या पाऊस पडू शकतो. इंग्रजीत पहिल्या दोन वाक्यांना 'कॅन' चालते, मग 'इट कॅन रेन टुमॉरो' हे चूक का मानतात? 'इट कॅन बी व्हेरी कोल्ड इन विंटर' हे वाक्यही शक्यतेचेच आहे, तरी ते बरोबर ठरते. शिवाय 'मे' म्हणजे इतके टक्के शक्यता आणि 'माइट' म्हणजे त्याहून कमी, असे जे शिकवले जाते ते कितपत खरे आहे?

प्रतिसाद १

होकारार्थी वाक्यातले 'कॅन' एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगते, म्हणजे असे घडण्याजोगे आहे आणि अधूनमधून घडतेही. एका ठरावीक प्रसंगाबद्दल अंदाज करायचा असेल तर मात्र 'मे', 'माइट' किंवा 'कुड' लागते. मराठी वाक्यात 'कधीकधी' घालून पाहावे. ते बसले तर 'कॅन', आणि 'कदाचित' बसले तर उरलेल्या तिघांपैकी एक.

टक्केवारीवर मी विसंबणार नाही. 'माइट' किंचित साशंक वाटते हे खरे, पण अनेक इंग्रजी भाषक दोन्ही शब्द भेद न करता वापरतात. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा फरक वेगळाच आहे: 'स्टुडंट्स मे लीव्ह अर्ली' यात विद्यार्थ्यांना लवकर जाण्याची मुभा आहे की ते लवकर जाण्याची शक्यता आहे, हे कळत नाही. तेथे 'माइट' लिहिले की परवानगीचा अर्थ गळून पडतो.

प्रतिसाद २

वरील कसोटी नकारार्थी वाक्यात लावू नये, कारण तेथे सगळा हिशेब बदलतो. 'ही मे नॉट बी ॲट होम' म्हणजे तो कदाचित घरी नसेल. 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असणे शक्यच नाही. गंमत 'कुड'ची आहे. होकारात ते 'मे'च्या पंगतीला बसते, परंतु 'कुडन्ट' झाले की थेट अशक्यतेकडे जाते. म्हणून 'कदाचित नसेल' असे म्हणायचे असताना 'कुडन्ट बी' लिहिले, तर वाचणारा भलताच अर्थ घेईल.

याच कारणाने 'ही मस्ट बी ॲट होम', म्हणजे 'तो घरी असलाच पाहिजे' या खात्रीच्या अनुमानाचा विरुद्धार्थ साधारणपणे 'कान्ट बी' हा होतो. 'मस्टन्ट' बहुतेक वेळा मनाई सांगते. प्रश्नातही 'कॅन इट बी ट्रू?' किंवा 'कुड इट बी ट्रू?' असेच विचारतात. शक्यता विचारण्यासाठी प्रश्नाच्या आरंभी 'मे' सहसा येत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. 'शी कुड हॅव मिस्ड द ट्रेन' याचा अर्थ तिची गाडी चुकली असावी असा, की चुकली असती असा?

प्रतिसाद ३

दोन्ही, आणि निर्णय संदर्भानेच करावा लागतो. 'चुकली असेल' आणि 'चुकली असती' अशी वेगळी रूपे मराठीत असल्यामुळे आपल्याला ही संदिग्धता जाणवते. 'माइट हॅव' हेही असेच दुहेरी आहे. 'मे हॅव' मात्र, काय घडले ते ठाऊक नसतानाच वापरणे सुरक्षित. जे टळले त्याबद्दल ते वापरणे अनेकांना खटकते. कोणी घसरून सावरले, तर 'यू माइट हॅव फॉलन' किंवा 'यू कुड हॅव फॉलन' म्हणावे.

पहिल्या प्रतिसादातील कसोटीबद्दल एक हरकत नोंदवतो. 'ॲक्सिडेंट्स कॅन हॅपन टू एनीवन' हे निर्दोष वाक्य आहे, पण त्याच्या मराठी रूपात 'कधीकधी' नीट बसत नाही, 'केव्हाही' बसते. त्यामुळे विधान सर्वसाधारण आहे की एकाच प्रसंगाचे, एवढेच विचारणे अधिक बरे.