ॲलिसची नवलकथा मुलांना वाचून दाखवावी की अर्ध्यात सोडावी?

प्रश्न – गंगापूर रोडवरील एक पालक

नमस्कार. आमच्या सोसायटीत आम्ही काही पालक दर शनिवारी संध्याकाळी मुलांना पुस्तक वाचून दाखवतो. सध्या लुईस कॅरोल यांचे ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ सुरू आहे. मूळ इंग्रजी परिच्छेद वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा, अशी आमची पद्धत आहे. उंदराच्या गोष्टीचे पान, ज्यावर अक्षरे शेपटीसारखी वळत वळत बारीक होत जातात, ते पाहायला मुलांची झुंबड उडाली होती. मात्र आठव्या प्रकरणात पांढरे गुलाब लाल रंगाने रंगवणाऱ्या माळ्यांचे मुंडके उडवण्याचा हुकूम राणी देते, तिथे आम्ही वेळ संपल्यामुळे थांबलो, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी रात्री झोपताना मला विचारू लागली की त्या माळ्यांचे काय झाले. दुसऱ्या एका पालकांचे म्हणणे असे की या पुस्तकात ना धड कथा आहे ना काही बोध, तेव्हा ते इथेच सोडावे. जाणकारांनी कृपया आपले मत सांगावे.

उत्तर – निवृत्त गणित शिक्षक, पंचवटी

ताई, पुस्तक सोडू नका. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणावा लागे आणि एखादा पाढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात ॲलिस ‘चार पंचे बारा, चार सक तेरा’ असे म्हणते आणि ‘अशाने मी विसापर्यंत कधी पोचणारच नाही’ म्हणून रडकुंडीला येते, ते मी प्रथम वाचले तेव्हा मला ती अगदी आपल्या घरातली मुलगी वाटली. कॅरोल म्हणजे चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवत असत, आणि अभ्यासकांनी या चुकीच्या पाढ्याची एक संगती लावून दाखवली आहे. आपण दहाच्या गटांनी मोजतो. अठराच्या गटांनी मोजले तर वीस म्हणजे एक अठरा आणि वर दोन, म्हणून ते १२ असे लिहावे लागतील. पुढे एकवीसचा गट धरला तर चोवीस म्हणजे एक एकवीस आणि वर तीन, म्हणजे १३. गट असा प्रत्येक वेळी तिनाने वाढवत गेलात की चार गुणिले बारा येथे १९ येतात, पण चार गुणिले तेरा म्हणजे बावन्न, एक बेचाळीस आणि वर दहा. २० लिहायला दोन पूर्ण बेचाळीस हवेत, म्हणून तिथे २० लिहिताच येत नाही. ॲलिस खरोखरच विसापर्यंत पोचत नाही! पाचवी-सहावीच्या मुलांना हे कागदावर मांडायला सांगा.

उत्तर – एक वाचक, इंदिरानगर

सरांच्या गणिताबद्दल आदर राखूनही माझे मत वेगळे आहे. ही गोष्ट ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना तोंडी सांगितलेली होती, आणि सांगता सांगता सुचलेल्या गोष्टीचा विस्कळीतपणा १८६५ च्या छापील पुस्तकातही राहिला आहे. वेड्यांची चहापार्टी आणि हसणारे मांजर तर १८६४ मध्ये त्या बहिणींपैकी छोट्या ॲलिसला भेट दिलेल्या हस्तलिखितात नव्हतेच. ते नंतर घातले, आणि काढून टाकले तरी कथेचे काही अडत नाही. माझ्या मुलाला १९०० सालचे ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’ फार आवडले, कारण तिथे डोरोथीला घरी जायचे असते आणि प्रत्येक सोबत्याला काहीतरी हवे असते. ॲलिसला काय हवे असते? एक सुंदर बाग पाहायची असते, आणि तिथे पोचल्यावर तिच्या वाट्याला आरडाओरडाच येतो.

उत्तर – सार्वजनिक वाचनालयाची सभासद, नाशिक रोड

नंतर घातलेली चहापार्टी काढून टाकली तरी चालेल, हे मला पटत नाही. तिथे घड्याळात कायमचे सहा वाजलेले आहेत, म्हणून भांडी विसळायलाही वेळ मिळत नाही. प्रत्येक जण फक्त पुढच्या खुर्चीवर सरकतो. लहान मुलाला मोठ्यांचे नियम जसे दिसतात तसेच हे आहे, आणि ते इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता मूळ प्रश्नाविषयी. ताई, वाचन नको त्या ठिकाणी थांबले, एवढेच. पुढच्याच परिच्छेदात ॲलिस त्या माळ्यांना एका मोठ्या कुंडीत लपवते आणि शिपाई त्यांना शोधून हात हलवत परत जातात. नवव्या प्रकरणात राजा हळू आवाजात सगळ्यांना माफ करून टाकतो, आणि ग्रिफिन हा प्राणी स्पष्टच सांगतो की हे सारे राणीच्या मनाचे खेळ आहेत, कोणाचेच मुंडके उडत नाही. बोधाचे म्हणाल, तर प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढणारी डचेसबाई त्याच प्रकरणात भेटते, आणि तिची हनुवटी ॲलिसच्या खांद्याला टोचत राहते.

एक विनंती मात्र आहे. त्यातील कविता शब्दशः मराठीत सांगू नका. मगरीची कविता ही त्या काळच्या इंग्रज मुलांना पाठ असलेल्या, उद्योगी मधमाशीच्या बोधपर कवितेची मोडतोड आहे. मूळ कविता कानात नसेल तर मोडतोडीची गंमत कळत नाही. आपल्या मुलांना शाळेत पाठ झालेली एखादी कविता घ्या आणि तिचे शब्द त्यांनाच बदलू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. माळी कुंडीत लपले हे मुलीला आज सकाळीच सांगितले. तिने लगेच विचारले की ते कुंडीतून बाहेर कधी आले, आणि ते पुस्तकात मला काही सापडले नाही. येत्या शनिवारी आठवे आणि नववे प्रकरण एकाच बैठकीत वाचणार आहोत. सरांचे गणित मी वहीत उतरवून घेतले आहे.