मदत हवी आहे: बर्फाचा पॅनोरमा, आकाशात काळा डाग

पायमोजे | बुधवार, रात्री ८.१२
तातडीचं आहे, पाल्हाळ लावत नाही. आज सकाळी डोंगररांगेचे पॅनोरमा काढले, चार वेळा. चारही वेळा तेच: बर्फ मळक्या धोतरासारखा करडा, दोन फ्रेम जिथे जुळतात तिथे उभ्या रेघा, आणि आकाशात एका जागी शाई सांडल्यासारखा काळपट निळा डाग. मॅन्युअल मोडवरच काढलेत, त्यामुळे "मॅन्युअल वापरा" हे कृपया सांगू नका. गूगल करून झालंय. परवा पहाटे निघायचंय, हाताशी फक्त उद्याचा दिवस आहे. काय चुकतंय?

दुर्बीण | ८.२०
कुठे आहात? कॅमेरा, लेन्स? रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की जेपेग? जोडता कशात? प्रश्नात घाई सोडून काहीच माहिती नाही.

भटक्या_७२ | ८.२६
मित्रा, कॅमेरा बॅगेत ठेव आणि फोन काढ. केदारकंठ्याला आमच्या ग्रुपातले दोघे गळ्यात लटांबर घेऊन चढले. भिंतीवर फ्रेम करून लागला तो माझा फोनवरचा फोटो. बर्फावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर लॉक होतं, मग जरा वर सरकवायचं. संपलं.

पायमोजे | ८.३१
मित्रा नाही, मैत्रीण. आणि फोनवरच काढायचे असते तर धागा कशाला काढला असता?
उत्तराखंडात औलीला आहोत. निकॉनचा क्रॉप सेन्सरवाला, १८-५५ किट लेन्स, १८ वर, कॅमेरा आडवा. जेपेग. ट्रायपॉड आहे. लॅपटॉपवर एक जुनं जोडणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातच जोडते. एक फोटो वर चढवलाय, मधलं शिखर नंदादेवी, बघा.

सांडगी मिरची | ८.३३
अय्या औली! रोपवे चालू आहे का हो? सासूबाईंना न्यायचंय.

दुर्बीण | ८.४०
मेनूत जाऊन बघा, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) ऑटोवर आहे का?

पायमोजे | ८.५२
आहे. मॅन्युअलमध्येसुद्धा ऑटो राहतं?? आत्ता एकेक फ्रेम उघडून पाहिली: १००, १६०, १२५, २००. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) ऑटो निघाला.

दुर्बीण | ९.०५
मग ते नावापुरतं मॅन्युअल. दर फ्रेमला कॅमेरा आपल्या मनाने उजेड ठरवतोय, रेघा त्याच्याच.
करडेपणाचं कारण वेगळं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जे दाखवाल ते तो मध्यम करडं धरून चालतो. पांढराशुभ्र बर्फ दाखवला की तोही ओढून करड्यावर आणतो. तेव्हा आयएसओ १०० वर बांधा, रांगेतला सगळ्यात उजळ, ऊन पडलेला बर्फ मोजा आणि मीटरपेक्षा +१ ते +२ च्या दरम्यान जास्त द्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीजवळ यायला हवा, तिला आपटायला नको. मग शटर, अ‍ॅपर्चर, फोकस, व्हाइट बॅलन्स, कशालाही हात लावू नका. रॉमध्ये काढा. सावलीतला बर्फ निळा दिसला तर घाबरू नका, तिथे ऊन नसतं, निळ्या आकाशाचाच उजेड पडतो.
१८ वर आडवा धरू नका. लेन्स ३५ वर, कॅमेरा उभा, दर फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा एक तृतीयांश भाग. दहाबारा फ्रेम होतील. जोडायला हगिन घ्या, फुकट आहे.

काटकोन | ९.१८
मूळ दुखण्याला कोणी हातच लावत नाही. फोटोत खालचं लाकडी कुंपण तीन जागी तुटलंय, पाहिलंत का? हा पॅरलॅक्स. नाकासमोर बोट धरून एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा; बोट भिंतीवर सरकतं, तसंच हे. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतोय, फिरायला हवा लेन्सच्या आतल्या बिंदूभोवती. त्यासाठी ट्रायपॉडवर कॅमेरा मागे सरकवून बसवणारी नोडल पट्टी घ्या. मी गेली सहा वर्षं त्याशिवाय पॅनो काढलेला नाही.

भटक्या_७२ | ९.२४
औलीत रात्री सव्वानऊला नोडल पट्टी कुठल्या दुकानात मिळते तेही सांगा. डोंगर चाळीस किलोमीटरवर, त्याला कसला पॅरलॅक्स! कुंपणापासून लांब जाऊन उभं राहा म्हणावं.

काटकोन | ९.२९
कुंपण हा फोरग्राउंड आहे. फोरग्राउंडशिवाय पॅनो म्हणजे पोस्टाचं तिकीट.

कॅलगरीकर | ९.४७
इकडे उणे पंचवीसमध्ये काढतो, म्हणून दोन गोष्टी. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत मान टाकते, ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. आणि बाहेरून आल्यावर कॅमेरा थेट हीटरच्या खोलीत उघडू नका. बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा, खोलीत तासभर तसाच राहू द्या. नाहीतर लेन्सवर दव धरतं.

पायमोजे | ९.५५
कॅलगरीकर, बॅटरीचं विचारलं नव्हतं, पण आज दोनदा मेली, त्यामुळे धन्यवाद. मिरचीताई, २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला. आम्ही गाडीने आलो, टायरला साखळ्या बांधून.

घंटानाद | १०.१०
फोटोच्या मधलं शिखर नंदादेवी नव्हे, तो हाथी पर्वत. नंदादेवी (७८१६ मी.) अगदी उजवीकडे. तिच्या डावीकडचं द्रोणागिरी (७०६६ मी.).
अवांतर: द्रोणागिरी गावात मारुतीची पूजा करत नाहीत. संजीवनीसाठी आमचा डोंगर उपटून नेला, हा राग अजून आहे.

भटक्या_७२ | १०.१४
बरोबरच आहे. विचारून न्यायला हवा होता.

पायमोजे | गुरुवार, सकाळी १०.५०
सांगितलं तसं सगळं केलं. रेघा गेल्या, बर्फ पांढरा झाला, दुर्बीण यांना दंडवत. पण डाग आहे तिथेच आहे! उलट जास्तच उठून दिसतोय. आता माझी सहनशक्ती संपत आली आहे.

काटकोन | १०.५८
लेन्सचा व्हिग्नेटिंग दोष, कडा काळवंडतात. म्हणून म्हणतो, किट लेन्स...

शेजारचे काका | ११.१५
व्हिग्नेटिंग असतं तर दर फ्रेमच्या कोपऱ्यात दिसलं असतं, आकाशात एकाच जागी नव्हे. ताई, लेन्सच्या पुढे काही बसवलंय का? काच, फिल्टर?

पायमोजे | ११.१९
सीपीएल (पोलरायझर फिल्टर) आहे. ते नेहमीच असतं, दुकानदाराने घेतानाच बसवून दिलं. ते कशाला सांगायचं?

दुर्बीण | ११.२०
🙏🙏🙏

शेजारचे काका | ११.४१
तेच सांगायचं होतं. पोलरायझर आकाश सगळीकडे सारखं गडद करत नाही. सूर्यापासून काटकोनात जो भाग येतो तिथे त्याचा जोर सर्वांत जास्त. एका फ्रेममध्ये ते छान दिसतं. तुमचा पॅनो नीलकंठपासून नंदादेवीपर्यंत, म्हणजे वायव्येपासून आग्नेयेच्या थोडं अलीकडे, अर्ध्या वर्तुळाला जरा कमी. तो पट्टा त्यात येणारच. हिवाळ्यात सकाळी साडेनऊला सूर्य आग्नेयेला असतो. त्याच्या काटकोनात ईशान्य. औलीहून ईशान्येला कोण? हाथी पर्वत. डाग त्याच्याच डोक्यावर आहे ना?
खात्री हवी असेल तर फिल्टर तसाच ठेवून तीनच्या सुमारास काढा. सूर्य नैर्ऋत्येकडे गेला की मधला डाग जाईल आणि दोन्ही टोकं काळी होतील. मग फिल्टर काढून ठेवा. इतक्या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं, त्याची गरज नाही.
शिवाय नंदादेवी सकाळी काढूच नका. या दिवसांत सूर्य जवळजवळ तिच्या मागूनच उगवतो, ती सावलीत राहते. संध्याकाळी समोरून ऊन मिळतं.

काटकोन | ११.५०
काटकोनात जोर सर्वांत जास्त, हे वाचून वैयक्तिक आनंद झाला.

पायमोजे | रात्री ७.३५
काका, तीन वाजता काढला. हाथी पर्वताच्या डोक्यावर काहीच नाही. नीलकंठच्या बाजूला काळं, नंदादेवीच्या बाजूला काळं. अंगावर काटा आला. फिल्टर काढायला गेले तर थंडीने असा अडकून बसला होता की हलेना, शेवटी नवऱ्याने काखेत लेन्स धरून ऊब दिली तेव्हा सुटला.
मग सूर्य बुडेपर्यंत हॉटेलच्या अंगणातच उभी होते. इकडे अंधारून आलं, एकेक शिखर विझत गेलं आणि नंदादेवी एकटी बराच वेळ केशरी होती. अकरा फ्रेम, हगिनमध्ये जोडल्या. डाग नाही, रेघ नाही. कुंपण मात्र अजून दोन जागी तुटलेलं आहे.

काटकोन | ७.४१
नोडल पट्टी.

भटक्या_७२ | ७.४२
खालून कापा.

सांडगी मिरची | ७.५८
फोटो मस्तच! एप्रिलात एवढा बर्फ असतो का? सासूबाईंचे गुडघे आहेत.