पाच सुतांच्या भोकाचं ब्लेड एक इंची शाफ्टवर कसं बसवावं?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली सुतारकाम करतो. सध्या सुनेसाठी सागवानी देवघर चाललंय. टेबल सॉ दहा इंची, शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिमी. भाच्याने अमेरिकेहून येताना दोन कार्बाइड ब्लेड आणली, एक ४० दातांचं, एक ८० दातांचं. एवढं ओझं प्रेमाने वाहून आणलं आणि भोक निघालं पाच सुतांचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), १५.८८ मिमी! तिकडच्या दहा इंची मशीनना हाच शाफ्ट असतो हे मला ठाऊक नव्हतं. शेजारचा वेल्डर म्हणतो, ग्राइंडरने दहा मिनिटांत भोक मोठं करून देतो. करू द्यावं का? देवघराच्या चौकटीचे आडवे काप ८० दातांनीच नीट येतील, म्हणून जीव अडकलाय.

उत्तर (वडोदरा)

ब्लेडला हात लावू नका, शाफ्टच पाच सूत करून घ्या. आमच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठलाही लेथवाला करून देईल, तुमच्याकडेही मिळेल.

उत्तर (सांवेर रोड, इंदूर)

काका, ग्राइंडर नको आणि शाफ्टही बारीक करू नका. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. आठ सुतांचा शाफ्ट पाच सूत केला की ताकद जेमतेम पाव उरते.

मी ब्लेडना धार लावायचं काम करतो. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या ब्लेडचं भोक गोल कानशीने मोठं केलं होतं. शाफ्टवर घट्ट बसलं, मी खूश. मशीन चालू केलं तर सलग आवाजाऐवजी घूं... घूं... असे हिसके, आणि सागाच्या कडेवर ठरावीक अंतराने काळे पट्टे. उतरवून बघितलं तर एका बाजूच्या दहा-बारा दातांची धार पार गेलेली, समोरच्या बाजूचे दात कोरे करकरीत. ब्लेडचे पैसे मी भरून दिले, पण त्या माणसाचं दोन दिवसांचं काम बसलं ते बसलंच.

असं का होतं, तर हिशेब बघा. फळी मिनिटाला ४ मीटर सरकवली आणि ब्लेड ४००० फेरे फिरलं, तर एका फेऱ्यात लाकूड १ मिमी पुढे येतं. ४० दातांत वाटलं की एका दाताच्या वाट्याला ०.०२५ मिमी. भोक ०.३ मिमीने जरी सरकलं, तरी पुढे आलेले दातच सगळं लाकूड खातात, बाकीचे नुसते फिरतात. शिवाय ग्राइंडरने पोलाद निळं पडलं की पात्याला सरळ ठेवणारा ताण जातो, मग ते गरम झालं की लहरायला लागतं.

भोक मोठं करायचं ते लेथवरच. फेसप्लेटला, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीला, जाड सपाट प्लेट बांधून तिच्यावर ब्लेड क्लॅम्पने दाबायचं. दात चकमध्ये (लेथच्या जबड्यात) धरू देऊ नका, कार्बाइडचे टवके उडतात. जुन्या भोकात डायल (बारीक फरक सुईने दाखवणारं मापयंत्र) लावायचा, सुई स्थिर होईपर्यंत ब्लेड हलकेच ठोकत मध्यावर आणायचं आणि मग कार्बाइड टूलने थोडं थोडं बोअर करायचं. माप २५.४० ते २५.४२, त्यापुढे नाही.

पण त्याआधी ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम बघा, तो तुमच्या मशीनपेक्षा जास्तच हवा. आणि कापाची रुंदी मोजा. तिकडची पातळ ब्लेड २.४ मिमीच कापतात. ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी पट्टी, त्याहून जाड असेल तर फळी अडकेल.

प्रश्न (ग्वाल्हेर)

माझं उलटं आहे. २५० मिमी ब्लेडला भोक ३० मिमी, शाफ्ट तुमच्यासारखाच एक इंची.

उत्तर (सांवेर रोड, इंदूर)

मग सोपं आहे. ३० बाय २५.४ ची रिंग मिळते. फक्त रिंग पात्यापेक्षा पातळ हवी, पातं २.२ मिमी तर रिंग १.८. बाहेर आली की फ्लँज (ब्लेड आवळणारी चकती) ब्लेडऐवजी रिंगलाच दाबते.

मूळ प्रश्नकर्ता (लोकमान्य नगर)

तुमचे उपकार, दादा. ४० दातांचं ब्लेड २.४ चंच निघालं आणि माझी नाइफ २.५ ची, म्हणून ते तसंच भाच्याला परत दिलं. ८० दातांचं पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत बोअर करून आणलं, काम होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून होतो. घरी दातांच्या टोकाला डायल लावून हाताने उलटं फिरवलं, सुई तीन काटे हलली, ०.०३. काल चौकटीचे चारही कोपरे जुळवले. सांध्यात वहीचा कागद सरकवून बघितला, गेला नाही.