लांबून बघितलेल्या सोनोग्राफीवर कितपत विसंबायचं?

प्रोबवाली
गरोदरपणातली सोनोग्राफी मी रोज करते. आमच्या केंद्रात फीटल मेडिसिनचे, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांचे, डॉक्टर नाहीत. शंका आली की व्हिडिओ लिंक जोडतो. तज्ज्ञ तिकडून माझ्या मशीनचा पडदा बघतात, प्रोब (पोटावर फिरवायचं मशीनचं टोक) कसा वळवायचा ते सांगतात. परवा एक सहकारी याला "फोनवरून नाडी बघणं" म्हणाले, ते मनाला लागलं. आयल ऑफ वाइट बेटावरची सोनोग्राफी लंडनच्या तज्ज्ञांना लाइव्ह दाखवण्याच्या प्रयोगाचा अहवाल १९९६ सालीच छापून आला आहे. तेव्हाच्या आयएसडीएन लाइनवर, म्हणजे टेलिफोनच्या डिजिटल लाइनवर, जमलं, मग आज एवढा अविश्वास का?

फ्रेमरेट
असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून. आयएसडीएनचा वेग आजच्या मानानं कमी होता, पण जेवढा होता तेवढा पूर्ण तुमच्या कॉलचा. आजचं इंटरनेट वाटून घेतलेलं असतं. वेग भरपूर दिसतो आणि नेमका हवा तेव्हा घसरतो.

आता हृदय घ्या. विसाव्या आठवड्यात अख्खं हृदय जेमतेम दोन सेंटिमीटरचं, ठोके मिनिटाला १४० च्या आसपास. सेकंदाला २५ फ्रेम पोचल्या तर एका ठोक्याला दहा-अकरा चित्रं मिळतात. लिंक दमली आणि १० वर आली की उरतात चार. झडप उघडताना दिसेल, मिटताना दिसेलच असं नाही. त्यात व्हिडिओ दाबून पाठवताना सोनोग्राफीचा बारीक दाणा कचरा समजून गुळगुळीत केला जातो. रंगांची माहिती तर बहुधा चार पिक्सेलना मिळून एकच जाते, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलरमध्ये लाल-निळ्याची कड पसरणार. दोन मिलिमीटरचं छिद्र असं बघून "नाही" म्हणायची हिंमत मला होणार नाही.

वारकडेलक्ष
फ्रेमरेट, तुमचं म्हणणं हृदयापुरतं मान्य. पण गर्भजल किती, वार कुठे आहे, पाठीचा कणा सलग आहे का, पोटाची भिंत मिटली आहे का, हे लिंकवर व्यवस्थित कळतं. मी स्वतः तज्ज्ञाच्या बाजूला बसतो. लिंक नसेल तर त्या बाईंना काहीशे किलोमीटरचा प्रवास सांगावा लागतो, आणि बऱ्याच जणी जातच नाहीत. ती तपासणी होतच नाही, याचा हिशोब कोण धरणार?

दुसरीखेप
मी पेशंटच्या बाजूनं बोलते. माझा अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी) लिंकवर झाला. बाळाचा हात तोंडावर होता. डॉक्टर म्हणाले "थोडं डावीकडे", ते आमच्यापर्यंत पोचेस्तोवर बाळ वळलेलं. तीनदा असं झालं, मग चित्र गोठलं. रिपोर्टमध्ये मात्र "ओठ नॉर्मल", एवढंच. तपासणी लिंकवरून झाली, मध्ये तुटली, याचा एक शब्द नाही. पुढच्या आठवड्यात मी हट्टानं पुन्हा करून घेतली. सगळं ठीक निघालं, पण तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. नीट दिसलं नाही तर "दिसलं नाही" असं लिहा ना!

प्रोबवाली
दुसरीखेप, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आमच्या रिपोर्टमध्येही लिंकचा उल्लेख नसतो, उद्यापासून घालते.

हृदयाबद्दल फ्रेमरेट यांचं ऐकते. पण लिंकचं सगळं ओझं लाइव्ह चित्रावर टाकायचंच कशाला? लिंकवर तज्ज्ञ मला योग्य छेद, म्हणजे नेमक्या कोनातलं चित्र, शोधून देतात. तो सापडला की मी मशीनमध्येच क्लिप साठवते, मापं मशीनवरच घेते आणि मूळ फाइल न दाबता नंतर पाठवते. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मिलिमीटरच्या दशांशात मोजायची असते, ती कोणी लांबच्या पडद्यावर मोजत नाही. निदान त्या मूळ क्लिपवर होतं. मशीनच्या पडद्यासमोर मोबाइल धरून दाखवणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही.

फ्रेमरेट
क्लिप मूळ रूपात जात असेल तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा असा, की तुम्ही साठवलीच नाही ती जागा तज्ज्ञाला कधीच दिसणार नाही.

प्रोबवाली
म्हणून तर लाइव्ह लिंकही हवी. किती फ्रेम गळतायत ते कॉल चालू असताना दिसतं का?

फ्रेमरेट
बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगच्या आत आकडे असतात. ते तज्ज्ञांच्या बाजूला चालू ठेवायला सांगा. तुमच्या पडद्यावर चित्र कायम स्वच्छच असणार, कारण तुम्ही मशीनपाशी बसला आहात.